सतरावा रकाना

सावद्यात उडदाचे पापड घरोघरी होतात. पण हेमलता भंगाळेच्या हाताला चव आहे, असं अख्खी गल्ली म्हणायची. पुढं पुढं यंत्रही तेच म्हणायला लागलं.

यंत्र म्हणजे ओट्याच्या वर भिंतीला ठोकलेलं पांढरं डबडं. टिफिनएवढं. खाली एक बारका खण. पापडाच्या पिठाचा उंडा मळून झाला की वाटाण्याएवढं पीठ त्या खणात टाकायचं, खण लोटायचा आणि अकरा मिनिटं थांबायचं. मग दिवा लागायचा आणि पाकिटावर चिकटवायची चिठ्ठी बाहेर यायची. सरकारी नाव होतं 'हस्तनोंद'. हेमलताची सासू, म्हणजे लोकेशची आई, त्याला नणंदबाई म्हणायची. कोणी केलं, कधी केलं, हात धुतले होते का, एवढंच विचारणार. मदतीला मात्र शून्य.

तीन वर्षांपूर्वी नियम आला होता. घरच्या स्वयंपाकघरातून काहीही विकायचं तर परवाना पाहिजे. आणि पाकिटावर 'घरगुती' छापायचं असेल, तर परवान्यावर ज्याचा हात नोंदवलाय त्याच हातानं पीठ मळलेलं पाहिजे. कारण लोक कारखान्यात मशीनवर पापड काढायचे आणि वर 'आजीच्या हातचे' छापायचे. असले उद्योग फार झाले होते.

आता पिठावरून हात ओळखायचा कसा? तर प्रत्येकाच्या तळहातावर जिवाणूंची एक वस्ती असते. डोळ्याला दिसत नाही. जशी एका गावात भंगाळे, पाटील जास्त आणि पलीकडच्या गावात भलतीच आडनावं, तशी हाताहाताची वस्ती वेगळी. साबण लावला की थोडी पांगते, तासा-दोन तासांत परत येऊन बसते. पीठ मळलं की वस्तीतले चार जण पिठातच राहून जातात. डबडं त्यांच्या जनुकांचे तुकडे वाचतं आणि सांगतं, हा हात हेमलताचा. बोटाला जखम चिघळलेली असेल, पोट बिघडवणारे जंतू असतील, तर लाल दिवा. उंडा फेकायचा. साधं यंत्र, चांगलं यंत्र. लोकेशचा त्याच्यावर फार जीव होता.

लोकेश सव्वीस वर्षांचा. कॉलेज मधेच सोडलं, आणि गच्चीवर बसून मोबाईलवर बघत बघत कॉम्प्युटरचं सगळं शिकला. पहिला लॅपटॉप त्याला हेमा वहिनीनं घेऊन दिला, दोन उन्हाळे पापड लाटून. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दहा वर्षांचा, बाहीला नाक पुसणारा. त्याला पुढ्यात बसवून वाचायला लावलं ते तिनंच. तिला स्वतःला मूल झालं नाही. सोळा वर्षं. दवाखाने झाले, नवस झाले, मग त्याबद्दल घरात बोलणंच बंद झालं. दिगंबरदादा केळीच्या शीतगृहात कामाला, बोलायला मुळात कमी. क्वचित एखाद्या पाहुण्यानं विषय काढलाच, तर म्हणायचा, "लोकेश आहे की आमचा."

परवाना वहिनीच्या नावावर. पापड तिचे. बाकी वेबसाइट, ऑर्डरी, चिठ्ठ्या, कुरिअर, सगळं लोकेश बघायचा.

डबडं चिठ्ठीवर नाव, तारीख आणि आजाराची तपासणी एवढंच छापायचं. पण त्याच्या पोटात बरंच काही साठत असायचं. लोकेशनं एकदा वायर जोडून ते बाहेर काढलं. बावीस रकान्यांचा तक्ता निघाला. त्यातला सतरावा रकाना विचित्र वागत होता. आकडा रोज चाळीसच्या आसपास, आणि महिन्यातून चार-पाच दिवस धाडकन पंचवीसवर. मग परत चाळीस. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. मग त्यानं तारखा मांडल्या. अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस.

तो दोन दिवस वाचत बसला. त्वचेचं तेल, घाम, आंबटपणा हे सगळं अंगातल्या संप्रेरकांबरोबर हलतं. तळहातावरच्या वस्तीतली एक जात असल्या बदलाला फार नाजूक. पाळीच्या दिवसांत ती ओसरते, मग परत भरते. सतरावा रकाना त्या जातीचा होता.

आपल्या वहिनीचं असलं काही आपण बघितलं म्हणून त्याला लाज वाटायला पाहिजे होती. त्याला आनंद झाला. खरं सांगायचं तर उड्या माराव्याशा वाटल्या. आपण एकट्यानं काहीतरी शोधलं, कोणी न शिकवता.

तिथं थांबला असता तरी चाललं असतं.

पुण्याच्या बोरोलेकाकू म्हणजे मोठं गिऱ्हाईक. लग्नाकार्याला त्यांच्याच शब्दानं पंधरा घरांच्या ऑर्डरी यायच्या. त्यांनी एकदा फोनवर आवाज बारीक करून विचारलं, बेटा, तुमच्याकडं पाळतात ना? मागं एकीकडून घेतले तर महिन्याभरात पापड लाल पडले. बाईची अडचण असताना हात लागला की पापड लाल पडतात, हे खानदेशातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, शपथेवर सांगेल. लोकेश म्हणाला, पाळतात. खोटं होतं. घरातलं पाळणं सुटून अकरा वर्षं झाली होती. देवघर सोडलं तर कोणी बघत नव्हतं.

"सगळेच म्हणतात पाळतो म्हणून," काकू म्हणाल्या. "आम्ही कुठं बघायला येतो?"

पुरावा तर त्याच्याजवळ होता. सतराव्या रकान्यात.

चाळीस मिनिटांचं काम. आकडा पस्तीसच्या वर असेल तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका छापायचा, नसेल तर नाही. वेबसाइटवर त्यानं लिहिलं: 'हिरवा टिळा. सोवळ्यातला माल, यंत्रानं तपासलेला.' दोन महिन्यांत पापड पुरेनासे झाले. बिनटिळ्याची पाकिटं हायवेवरच्या ढाब्यांना जायला लागली. शेजारच्या दोन घरांनी विचारलं, आम्हालाही दे ना बसवून. त्यानं दिलं. शेजारधर्म.

वहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे हिरवं काय आहे?

"नवीन नियम आहे," लोकेश म्हणाला. "यंत्रच लावतं ते."

तोंडातून निघून गेलं. ठरवून बोलला नव्हता. पण परत घेतलंही नाही.

महिन्याभरात वहिनीला उमगलं. असल्या तारखा बाईला कोणी शिकवाव्या लागत नाहीत.  दिराजवळ काय बोलणार. फक्त त्या दिवसापासून पाकिटांचा ढीग उलटा रचायला लागली, चिठ्ठी खाली करून. लोकेश फोटो काढायचा तेव्हा पाकिटं सुलटी करायचा. संध्याकाळी ती परत उलटी झालेली असायची. असं बरेच दिवस चाललं. 

आईला मात्र जुनं पाळणं परत सापडलं. ती म्हणाली, बिनटिळ्याचा माल ढाब्यावर घालण्यापेक्षा ते चार दिवस तू बसच ना मागच्या ओसरीत, कशाला हात लावते. आणि वहिनी अकरा वर्षांनी पुन्हा मागच्या ओसरीत बसली. प्लास्टिकच्या खुर्चीवर, निवडायला कोथिंबीर घेऊन. दादा कामावरून आला, ओसरीकडं बघितलं, आणि चपला काढून आत गेला. लोकेश लॅपटॉप घेऊन गच्चीवर.

मग फाल्गुन लागला. उन्हाळी कामाचे दिवस, रोज उंडा, रोज खाट भरून पापड. रोज हिरवा टिळा. तारखेत खंड नाही.

गिऱ्हाईक बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. लोकेशनंच काढलेला. पाकिटं येतील तसा त्यावर कोणीतरी टिळ्याचा फोटो टाकायचं. एकीनं तारखा जुळवल्या. बेचाळीस दिवस झाले ग, बाई बसलेली नाही. दुसरीनं लिहिलं, मग पेढे कधी? तिसरीनं कैरीचं चित्र टाकलं. लोकेशनं ते वाचलं. त्यानं ग्रुप बंद केला. तोवर बोरोलेकाकूंचा आईला फोन येऊन गेला होता.

आईनं सुनेला विचारलं नाही. सोळा वर्षं विचारून झालं होतं. सरळ मारुतीला नारळ फोडून आली आणि वहिनीच्या हातावर प्रसाद ठेवताना तिच्या डोळ्यांत पाणी. समोरच्या शकुंतलाबाईनं खरोखरच्या कैऱ्या पाठवल्या. वर निरोप, लाजू नको आता, गावाला कळलंय, तू कशाला लपवते. दादानं शीतगृहातून ड्रिल मशीन आणलं आणि मधल्या खोलीतल्या तुळईची गंजलेली पाळण्याची कडी बदलली.  नवी कडी दोन्ही हातांनी धरून लोंबकळून बघितलं, पेलते का.

आणि वहिनी? तिलाही वाटलं असणार. बारा दिवस तिनं जड पातेलं उचललं नाही.

भुसावळच्या डॉक्टरीणबाईंकडं लोकेशच तिला स्कूटरवर घेऊन गेला, दादाची ड्यूटी होती म्हणून. तासाभरानं ती बाहेर आली. दवाखान्यासमोर लिंबाखाली बाकडं होतं, त्यावर बसली. रिपोर्टची घडी घालून पर्समध्ये ठेवली. परत काढून आणखी बारीक घडी घातली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "उलट संपलं. काही बायकांचं लवकर जातं म्हणे. चाळिशीतच."

 लोकेशनं पाणी आणू का विचारलं. ती नको म्हणाली.

"मला एकटीला कळलं असतं ना, तर मी एकटीनं पचवलं असतं. रडायचं तितकं रडले असते आणि कामाला लागले असते. आता घरोघर सांगावं लागेल, नाही हो, नाही. त्या कडीचं काय सांगू तुझ्या दादाला?" तिनं पर्सची चेन लावली. "कोणी काढला असेल रे हा नियम? त्याच्या घरात बाईमाणूस नसेल का?"

लोकेश हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बाकडं होतं, सावली होती, आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. याहून बरी जागा मिळणार नव्हती. तो पट्ट्याचं बक्कल लावत राहिला, काढत राहिला.

"तू लिहितो चांगलं," वहिनी उठता उठता म्हणाली. "मला एक अर्ज लिहून दे. मी सांगते तसा."

घरी येऊन तिनं सांगितला तसा त्यानं लिहिला. मी हेमलता दिगंबर भंगाळे, सावदा येथे पापड करते. माझे हात तपासा, नखं बघा, आजार बघा, माझी ना नाही. खाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण माझ्या अंगात काय चालतं ते माझं आहे. ते पाकिटावर लावू नका. तुमच्या टिळ्यामुळं लोकांनी माझे दिवस मोजले. तुमच्या टिळ्यामुळं माझ्या घरात जे नव्हतंच त्याचा नारळ फुटला. ज्यानं हा टिळा काढला त्याला हे वाचून दाखवावं, ही विनंती.

शेवटची ओळ लिहिताना लोकेशचं अक्षर बिघडलं. ती म्हणाली, राहू दे, वाचता येतंय.

तालुक्याच्या अन्न कार्यालयात तो एकटा गेला. मनात हिशेब सोपा होता. अर्ज द्यायचा, घरी येऊन टिळा काढून टाकायचा, सांगायचं सरकारनं ऐकलं. झाकली मूठ झाकलेलीच राहील. पण अर्ज घेणाऱ्या तडवीबाई निघाल्या वाचणाऱ्या. त्यांनी शिक्का आधी मारला आणि मग अर्ज वाचला, शेवटपर्यंत. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, कसला टिळा? आमच्या नियमात असलं काही नाही.

लोकेश म्हणाला, यंत्र छापतं.

"यंत्र तीन गोष्टी छापतं. नाव, तारीख, आजार आहे की नाही. आतला तक्ता दुरुस्तीवाल्यासाठी असतो, तो बाहेर काढायचाच नसतो." त्यांनी अर्जासोबतचं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "हे कोणी केलं?"

पंखा कुरकुरत होता. मागं रांगेत एक लोणचेवाला उभा होता, तोही ऐकत होता.

"मी," लोकेश म्हणाला.

तडवीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अर्जाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अर्ज त्याच्याकडं फिरवला. "वाचा. विनंती केली आहे बाईंनी."

त्यानं वाचलं. मनातल्या मनात. त्या म्हणाल्या, मोठ्यानं. त्यानं मोठ्यानं वाचलं. लोणचेवाल्यानं दुसरीकडं बघितलं.

मग त्यांनी सांगितलं की अर्जाला शिक्का बसला आहे, आता तो मागं घेता येत नाही. उत्तर सात दिवसांत अर्जदाराच्या नावानं टपालानं जाईल. तोवर तुम्हीच घरी काय ते सांगा.

घरी येऊन त्यानं आधी टिळा काढला. ते काम मात्र दोन मिनिटांचं निघालं. चिठ्ठी कोरी आली. वहिनीनं ती हातात घेऊन उजेडात धरली.

"निघाला?"

"निघाला."

एवढंच बोलला. खोटं नव्हतं त्यात, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्या संध्याकाळी वहिनीनं त्याच्या आवडीचं भरीत केलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वाढताना दादाला म्हणाली, सोळा वर्षांत माझ्या बाजूनं कोणी सरकारदरबारी गेलं असेल तर हा पोरगा. दादानं मान हलवली.  लोकेश दुसरी भाकरी नको म्हणाला तर ती म्हणाली, उन्हातान्हाचा जाऊन आला, खा.

सात दिवस तो रोज ठरवायचा, आज सांगू. सकाळी तिचे हात पिठात असायचे. दुपारी ती गच्चीवर खाट भरत असायची. संध्याकाळी दादा असायचा. माणसाला सांगायचंच नसलं की वेळ कधीच बरोबर नसते. मधल्या काळात शेजारच्या दोन घरी जाऊन तो म्हणाला, टिळा काढून टाका. एक म्हणाली, काढू की. काढला नाही. दुसरीनं स्पष्ट विचारलं, तुमचं चाललं तोवर चांगला होता, आता आमचं चालायला लागलं तर वाईट झाला का? त्याला कळलं की यावलला चार घरांत, भुसावळला कितीतरी घरांत टिळा पोचलाय. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी जशाच्या तशा. खाली त्याचं नावही कोणी काढलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. लोकेश दारातच होता, तीन दिवसांपासून दारातच बसत होता. खाकी लिफाफा. नाव वहिनीचं. खिशात गेला असता तर कोणाला कळलं नसतं.

आतून मुसळाचा आवाज थांबला. "कोण आहे रे?"

"टपाल."

"त्या ऑफिसचं असेल. वाच, माझे हात भरलेत."

ती पाटावर बसलेली, पुढ्यात उंडा, कोपरापर्यंत तेल. त्यानं लिफाफा फोडला. आठ दिवस त्याच्या डोक्यात एक वाक्य तयार होतं: 'झाल्या प्रकाराबद्दल कार्यालय दिलगीर आहे.' कागदाकडं बघत तेवढं म्हटलं की संपलं. वहिनी वाचायला मागणार नव्हती, तिचा त्याच्यावर तेवढा विश्वास होता.

तिनं मान कलती करून कान दिला. लहानपणी तो धडा वाचायचा तेव्हा ती अशीच पीठ मळत कान द्यायची, आणि त्यानं ओळ गाळली की पुस्तक न बघता तिला कळायचं. म्हणायची, मधलं खाल्लंस.

त्यानं वाचलं.

"आपला अर्ज मिळाला. नियमावलीत अशा कोणत्याही खुणेची तरतूद नाही. सदर हिरवी खूण आपल्या परवान्याखालील विक्रीचे काम पाहणारे श्री. लोकेश भंगाळे यांनी स्वतः तयार केली असल्याचे त्यांनी या कार्यालयात मान्य केले आहे. परवाना आपल्या नावे असल्याने, त्यांच्यावर कारवाई व्हावी किंवा कसे, हे आपण कळवावे. आपण केलेल्या विनंतीप्रमाणे आपला अर्ज त्यांच्याकडून वाचून घेतला आहे."

वहिनीनं मुसळ उचललं आणि उंड्यावर घातलं. एकदा, दोनदा. पाच-सहा वेळा. मग खाली ठेवलं.

"मधलं परत वाच."

त्यानं परत वाचलं. आपल्याच नावाशी त्याचा आवाज फाटला.

"मला वाटलं यंत्र आहे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "यंत्राला काय कळतं, म्हणून मी सोसलं. ओसरीत बसताना मनाला सांगायचे, माणसानं नाही केलेलं हे." मग त्याच्याकडं बघून, "म्हणजे तू रोज बघत होतास."

"हो."

"ग्रुपवर लोक मोजत होते, त्याच्या आधीपासून."

"हो, वहिनी."

ती उठली. मोरीवर हात धुवायला बसली. तेल निघेना, म्हणून राख घेतली आणि कितीतरी वेळ घासत राहिली. वस्ती पांगते आणि परत येऊन बसते, हे लोकेशला माहीत होतं. तिला कोण सांगणार.

"माझा हात काढ त्या डब्यातून," ती पाठमोरीच म्हणाली. "आणि ऑफिसला काय कळवायचं ते मी कळवीन. कधी, ते सांगत नाही. तू रोज दारात बस."

अर्धा कुटलेला उंडा संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला आणि कडक झाला.

घरात भांडण झालं नाही. लोकेशला भांडण पाहिजे होतं. दादानं एकदाच विचारलं, खरं आहे? आणि हो म्हटल्यावर अर्ध्या ताटावरून उठला. आई म्हणाली, पोराचं चुकलं. वहिनी म्हणाली, ओसरीत मला पोरानं नव्हतं बसवलं.  मागच्या ओसरीतली खुर्ची दुसऱ्या दिवशी आईनंच उचलून माळ्यावर टाकली.

एकोणीस दिवस घरात पापड झाला नाही. ऐन हंगामात. लोकेशनं सगळ्या गिऱ्हाइकांना लिहिलं. टिळा सरकारचा नव्हता, माझा होता. तो कशावरून काढायचा तेही लिहिलं. हे विकायचा मला हक्क नव्हता. लिहायला तीन दिवस लागले, कारण प्रत्येक वाक्यात तो स्वतःला थोडंसं वाचवायचा आणि मग ते खोडायचा. उत्तरं आली. दोघी-तिघींनी वहिनीची माफी मागितली. एकीनं लिहिलं, हे वाचून माझे पापड मी फेकून दिले, लाज वाटली. बाकी बऱ्याच जणींनी एवढंच विचारलं की टिळा परत कधी सुरू होणार. बोरोलेकाकूंनी काहीच विचारलं नाही. त्या शेजारच्या घराकडून घ्यायला लागल्या.

विसाव्या दिवशी लोकेश तालुक्याला गेला आणि परवान्यावर स्वतःचा हात नोंदवून आला. तडवीबाईंनी त्याचा तळवा काचेवर ठेवून घेतला. 

मग तो पीठ घेऊन बसला. सोळा वर्षं त्या घरात पापड बघितले होते, एकदाही हात घातला नव्हता. त्याला वाटलं होतं माहीत आहे सगळं. पीठ पातळ झालं, मग घट्ट झालं. मुसळानं तळव्याला फोड आले. पापड नकाशासारखे. आई गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलत बसायची आणि न राहवून म्हणायची, बापा, कडा पातळ कर. वहिनी वर यायची, वाळलेले कपडे काढायची, खाटेकडं न बघता खाली जायची.

चौथ्या दिवशी त्यानं डबा उघडला. पापड लाल पडले होते.

सगळेच्या सगळे. विटकरी झाक, काठाला जास्त. तो डबा घेऊन उभा राहिला तेव्हा वहिनी दारात होती. ती आली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्याजवळ आली. एक पापड उचलून उजेडात धरला, चिठ्ठी धरली होती तसाच.

"लाल पडले."

"खार जास्त झाला असेल," लोकेश म्हणाला. पापडखार वाजवीपेक्षा जास्त पडला की पीठ रंग बदलतं. त्यानं तेही वाचलं होतं, खूप उशिरा.

"असं तू म्हणतो. लोक काय म्हणतात?" तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुला अडचण असेल. चार दिवस बस ओसरीत."

गच्चीच्या पायरीवर आई होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसली की काय झालं, ते दिसलं नाही. लोकेशचे कान तापले, मान खाली गेली ती वर येईना. वहिनीनं पापडाचा कच्चा तुकडा मोडून जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं.

"खार निम्मा घे. आणि हे टाकू नको, वीक."

"हे कोण घेईल?"

"चिठ्ठी लाव. खरं काय ते लिही."

त्यानं लिहिलं. हात: लोकेश भंगाळे. खाली पेनानं, कारण डबडं तेवढं छापत नव्हतं: 'खार जास्त झाला म्हणून लाल. चूक करणाऱ्याची.' अठरा पाकिटं भरली. सवयीनं तो ती उलटी रचायला लागला, चिठ्ठी खाली करून. कसं कोण जाणे, पण आता त्यालाही ती सवय लागली होती.

वहिनी तिथंच उभी होती. तिनं त्याच्या हातातलं पाकीट घेतलं, सुलटं केलं आणि ढिगावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. अठराच्या अठरा पाकिटांवर त्याचं नाव वर आलं तेव्हा ती पदराला हात पुसून स्वयंपाकघरात गेली.

ऑफिसला तिनं अजून काही कळवलेलं नाही. टपालाच्या वेळेला लोकेश दारात बसतो.